काळोखी रात्र, काचेची नळी

गेल्या अंकात टेक्ससचा आंधळा गायक आणि गिटारवादक ब्लाइंड विली जॉन्सन याच्यावर दोन पानी लेख आला होता. गिटारच्या तारांवर बोटांऐवजी काच किंवा धातू सरकवून तो वाजवायचा, आणि 1927 मध्ये ध्वनिमुद्रित झालेलं त्याचं एक शब्दहीन गाणं आज सूर्यमालेच्या वेशीबाहेर आहे, एवढा त्याचा गोषवारा. त्यावर पत्रं आली ती बहुतेक गिटार हातात घेऊन बसलेल्यांची. निवडक प्रश्न आणि उत्तरं खाली देत आहोत. पत्रं जागेअभावी कापली आहेत, नावं गाळली आहेत.

केरी, फोंडा: आमच्या गावच्या केसरबाईंचं गाणं आणि या जॉन्सनचं गाणं एकाच तबकडीवरून अंतराळात गेलं, असं लेखात ओझरतं होतं. हे खरं, की व्हॉट्सॲपवरून उचललेलं?

खरं आहे, आणि लेखात होतं त्याहून जास्त खरं आहे. 1977 साली सुटलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर तांब्याची, वरून सोन्याचा मुलामा दिलेली 12 इंची तबकडी आहे. तिचा वेग मिनिटाला 16⅔ फेरे. तिच्यावर 55 भाषांतले नमस्कार आहेत, त्यांत मराठीही आहे. संगीताचे तुकडे 27. शेवटचे चार असे येतात: चीनचं छिन वाद्य, मग सूरश्री केसरबाई केरकरांची भैरवी ‘जात कहाँ हो’ (साडेतीन मिनिटं), तिच्या लगेच मागून जॉन्सनचं ‘डार्क वॉज द नाइट’ (सव्वातीन मिनिटं), आणि शेवटी बेथोव्हनची चौकडी, म्हणजे चार तंतुवाद्यांसाठीची रचना. म्हणजे केरीच्या बाईंचा षड्ज विरतो न विरतो तोच टेक्ससची गिटार सुरू होते. दोन गाण्यांच्या मध्ये तिसरं कोणी नाही.

तारखाही पाहा. व्हॉयेजर-1 उडालं 5 सप्टेंबर 1977 ला. केसरबाई गेल्या त्याच महिन्याच्या 16 तारखेला. जॉन्सन 18 सप्टेंबरचा, पण 1945 चा. हा योगायोगच, त्यातून काही सिद्ध होत नाही. मात्र दोन्ही तुकडे सव्वातीन-साडेतीन मिनिटांचे आहेत हा योगायोग नव्हे. 78 फेऱ्यांच्या 10 इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तेवढंच मावायचं. तासभर चालणारी ख्यालगायकी असो की रस्त्याच्या कडेला अर्धा तास लांबवलेलं भजन, दोघांनाही एकाच मापाच्या डब्यात बसावं लागलं.

फोंडा: मध्यरात्री तिठ्यावर सैतानाला आत्मा विकून गिटार शिकला, तो हाच का?

नाही. तो रॉबर्ट जॉन्सन, मिसिसिपीचा, 1911 ते 1938. आडनाव एक, नातं काही नाही. आणि ती गोष्ट त्याच्या नावावर चिकटण्याआधी टॉमी जॉन्सन नावाच्या तिसऱ्याच गायकाबद्दल त्याचा भाऊ सांगत असे. चव्हाट्यावरच्या देवचाराच्या गोष्टीसुद्धा अशाच एका वाड्यावरून दुसऱ्या वाड्यावर जातात. आपला विली जॉन्सन देवाचीच गाणी गायचा. ध्वनिमुद्रित 30 गाण्यांत एकही प्रेमाचं, दारूचं किंवा जुगाराचं नाही.

डिचोली: मग देवाची गाणी गाणाऱ्याला ब्लूजवाला का म्हणायचं? भजनी बुवाला लावणीवाला म्हटल्यासारखं होत नाही का?

ब्लूज म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांची लौकिक गाणी. उपमा चपखल आहे, आणि जॉन्सनला स्वतःला ‘ब्लूजवाला’ म्हटलेलं रुचलं नसतं. त्या काळच्या चर्चला जाणाऱ्या कृष्णवर्णीय घरांत ब्लूज म्हणजे सैतानाचं गाणं. पण गळ्याची आणि हाताची तऱ्हा बघितली तर भिंत पातळ आहे. तोच घासलेला खर्ज, त्याच तारा, कोमल-शुद्धाच्या मधले तेच सूर. फरक शब्दांत.

‘डार्क वॉज द नाइट’मध्ये तर शब्दही नाहीत. ज्या स्तोत्रावरून हे नाव आलं ते अठराव्या शतकातलं, थॉमस हॉविस या इंग्लिश धर्मगुरूचं. क्रुसावर जाण्याआधीची ख्रिस्ताची रात्र हा त्याचा विषय. टेक्ससच्या चर्चांत पुस्तकं नसायची, बऱ्याच जणांना वाचता यायचं नाही. म्हणून एक जण ओळ भरभर म्हणायचा आणि सगळी मंडळी तीच ओळ खूप ताणून, प्रत्येकाच्या गळ्याला जमेल तशी वळवत गायची. आपल्याकडे लदिनीत (गोव्यातल्या ख्रिस्ती प्रार्थनागीतांत) पुढचा म्हणतो आणि मागचे उचलतात, किंवा भजनात मागची मंडळी झील धरतात, त्याच्या जवळचं. जॉन्सननं शब्द टाकून दिले आणि मंडळींचा तो ताणलेला हुंकार तेवढा ठेवला: एक वाटा गळ्याला, एक वाटा गिटारला. ऐकताना नीट लक्ष द्या. गळा अर्ध्यावर थांबतो आणि पुढचा सूर तारेवरून येतो. इतर गाण्यांत तो ओळीतला शेवटचा शब्द गातच नाही, तो गिटारकडून म्हणवून घेतो. आज जगभर स्लाइड (तारांवर सरकवायची काचेची किंवा धातूची नळी) वाजवणारे ज्याला ‘गिटारला बोलतं करणं’ म्हणतात, त्याचा पाया हाच आहे. त्याचा वारसा विचारणाऱ्यांनी आधी याकडे पाहावं; नंतर कोणकोणत्या बँडनी गाणी उचलली ती यादी दुय्यम.

आयुष्याचं विचारलंत तर थोडक्यात: लहानपणी, सातव्या वर्षाच्या सुमारास दृष्टी गेली. सावत्र आईनं फेकलेल्या दाहक क्षाराच्या पाण्यानं, असं त्याची बायको सांगे. कोलंबिया कंपनीसाठी 1927 आणि 1928 ला डॅलसमध्ये, 1929 ला न्यू ऑर्लिन्समध्ये आणि 1930 ला अटलांटात मुद्रण झालं. मग मंदी आली आणि कंपनीनं पुन्हा बोलावलं नाही. उरलेली पंधरा वर्षं रस्ते आणि प्रार्थनाघर. ब्युमाँट गावी घर जळालं, त्या जळक्या घरात ओल्या अंथरुणावरच तो झोपला, आणि तापानं गेला.

मडगाव: माझ्याकडे साधी अकूस्टिक गिटार आहे. जॉन्सनचं ट्यूनिंग आणि स्लाइडची सुरुवात पायरीपायरीनं सांगा. यूट्यूबवर बघून केलं, पण नुसती खडखड येते.

खडखड का येते ते आधी. बाजारातल्या गिटारीला बहुधा 0.010 किंवा 0.011 इंचाच्या तारा असतात आणि तारा फ्रेटला (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांना) अगदी लागून बसवलेल्या असतात. बोटांना ते सोपं, स्लाइडला घातक. त्यात जॉन्सनचं ट्यूनिंग तारा सैल करणारं. सैल, बारीक, खाली बसलेली तार, आणि तिच्यावर काच. ती फ्रेटवर आपटणारच.

म्हणून 0.013 ते 0.056 चा संच घाला, निदान 0.012. बाराव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांतलं अंतर मोजा. नेहमीचं 2 ते 2.5 मिलिमीटर असतं. स्लाइडला पातळ तारांखाली अडीच आणि जाड तारांखाली 3 मिलिमीटर हवं. ब्रिजमधल्या (गिटारच्या पोटावर तारा जिथे अडकवतात त्या पाटीतल्या) पांढऱ्या पट्टीखाली जुन्या एटीएम कार्डाची चिंधोटी कापून घाला. हिशोब लक्षात ठेवा: पट्टी 1 मिलिमीटर उचलली की बाराव्या फ्रेटवर अंतर अर्धाच मिलिमीटर वाढतं. एक कार्ड साधारण पाऊण मिलिमीटर जाडीचं, तेव्हा एकानं भागलं नाही तर दोन. पट्टी खोबणीच्या फार वर आली तर डुगडुगते; मग उंच पट्टीच बसवून घ्यायची.

आता ट्यूनिंग. ओपन डी. जाड तारेपासून: सहावी ई वरून डी, पाचवी ए तशीच, चौथी डी तशीच, तिसरी जी वरून एफ शार्प, दुसरी बी वरून ए, पहिली ई वरून डी. आपल्या भाषेत पेटीच्या पांढरी दोनचा षड्ज धरला तर सहा तारा सा, प, सा, ग, प, सा. ट्यूनर नसेल तर चौथी तार चौथ्या फ्रेटवर दाबा, तो तिसऱ्या मोकळ्या तारेचा सूर. तिसरी तिसऱ्या फ्रेटवर दाबा, तो दुसरीचा. दुसरी पाचव्यावर दाबा, तो पहिलीचा. सहावी चौथीशी जुळवा, एक सप्तक खाली. प्रत्येक तार आधी हव्या त्या सुराच्या खाली उतरवा आणि मग वर चढवून आणा. वरून उतरवत आणलेली तार खुंटीत ढिली राहते आणि दोन मिनिटांत घसरते. चार तारा उतरल्या की मानेवरचा ताण कमी होतो आणि आधी लावलेल्या तारा किंचित चढतात. म्हणून सगळी फेरी दोनदा, जमलं तर तीनदा.

स्लाइड करंगळीत. अनामिकेत घालणारेही चांगले वाजवतात, पण करंगळीत घातली की तीन बोटं मोकळी राहतात आणि त्यांची गरज लगेच लागते. स्लाइड फ्रेटच्या पट्टीच्या बरोबर वर धरा. बोटानं दाबताना आपण पट्टीच्या मागे दाबतो, ती सवय इथे मोडावी लागते; मागे धरलीत तर सूर उतरलेलाच येणार. दाब तारेला टेकण्याइतकाच. तार खाली वाकलेली दिसली तर दाब जास्त आहे. स्लाइडच्या मागे, म्हणजे खुंट्यांच्या बाजूला, मधलं बोट आणि तर्जनी तारांवर अलगद ठेवा. हे केलं नाही तर काचेच्या मागचा तारेचा तुकडाही वाजतो आणि ‘घुंई’ असा भुताटकीचा आवाज मिसळतो. यूट्यूबवर हे बोट दिसत नाही, कारण ते काचेच्या सावलीत असतं.

पहिले दोन आठवडे फक्त पहिली तार. मोकळी तार सा, तिसरा फ्रेट कोमल गंधार, पाचवा मध्यम, सातवा पंचम, दहावा कोमल निषाद, बारावा वरचा सा. आधी तोंडानं सूर गुणगुणा, मग स्लाइड तिथे न्या. उलटा क्रम केलात तर कान स्लाइडमागून फरफटत जातो. आणखी एक फसवी गोष्ट: मांडीवर गिटार घेऊन वरून तिरकं पाहिलं की काच जिथे दिसते तिथे ती नसते. दिवसातली दहा मिनिटं खोलीतला दिवा बंद करून वाजवा. जॉन्सनला फ्रेट दिसतच नव्हते.

कंप म्हणजे व्हायब्रेटो शेवटी. सुराच्या दोन्ही बाजूंना सारखं, मनगटातून, सावकाश. नवशिक्याचा कंप बहुतेकदा सुराच्या खालीच हिंदकळतो आणि गिटार रडकी वाटते. आंदोलन आणि थरथर यांतला फरक गाणाऱ्याला वेगळा सांगावा लागत नाही.

उजव्या हाताचा अंगठा सहाव्या तारेवर षड्ज देत राहतो. त्याच्या बाकीच्या गाण्यांत हा अंगठा पावलांसारखा समान पडतो. ‘डार्क वॉज द नाइट’मध्ये ताल नाही. तो आलाप आहे. मेट्रोनोम लावून बसवू नका.

कळंगुट: बाटलीच्या गळ्यापासून स्लाइड करतात म्हणे. फेणीची बाटली चालेल का? आणि जॉन्सन स्वतः काय वापरायचा?

जॉन्सन खिशातला चाकू वापरायचा असं जुन्या लिखाणात येतं; बाटलीचा गळा किंवा धातूची कडी असावी असं म्हणणारे जाणकारही आहेत. आवाजावरून वाद मिटत नाही.

बाटली चालेल, पण कुठलीही नाही. गळा सरळ हवा आणि सरळ भाग निदान 6 सेंटिमीटर हवा, कारण गिटारच्या सहा तारांची रुंदी साडेपाचच्या आसपास. उतरत्या खांद्यांची बाटली बाद. तिचा गळा नरसाळ्यासारखा असतो आणि दोन टोकांना दोन सूर देतो. चौकोनी खांद्यांची वाइनची किंवा पोर्टची बाटली उत्तम. बुचाच्या बाटलीचा गळा आतून साधारण साडेअठरा मिलिमीटर असतो, मध्यम करंगळीला तो सैलसर बसतो. फेणीच्या बाटल्यांत सगळे आकार येतात, गळा मोजून मगच फेणी संपवा. काच 3 ते 4 मिलिमीटर जाड हवी. बिअरच्या बाटलीची काच पातळ असते, आवाज कागदी येतो आणि एखाद दिवशी हातातच तडकते.

कापण्याची पद्धत: चष्मा आणि जाड हातमोजे घालूनच. गळ्याच्या वरची जाड कडी सोडून खाली एक, आणि तिथून 6 सेंटिमीटरवर दुसरी, अशा दोन जागी कागदी टेप सरळ गुंडाळा. टेपच्या कडेनं काच कापायच्या हिरकणीनं एकच ओरखडा, सुरुवात जिथे तिथेच शेवट. त्याच रेघेवर दुसऱ्यांदा हिरकणी फिरवायची नाही. दोन रेघा झाल्या की तडा त्यांतली कुठली धरायची ते आपण ठरवत नाही. आधी खालचा काप घ्या, वरचा नंतर. बाटली फिरवत रेघेवर उकळीच्या थोडं खालचं पाणी बारीक धारेनं अर्धा मिनिट सोडा, लगेच नळाचं थंड पाणी. तीन-चार फेऱ्यांत ‘टक्’ असा आवाज येऊन तुकडा सुटतो. सुटला नाही तर आपटू नका, आणखी फेऱ्या द्या. बर्फाचं पाणी नको. तडा रेघ सोडून वर पळतो. रॉकेलचा दोरा गुंडाळून पेटवायची युक्ती सगळीकडे दाखवतात. तिच्यात उष्णता कुठे लागेल यावर ताबा नसतो आणि कड दातेरी निघते. टाळावी.

मग घासणं, ज्यावर घाई करून बहुतेक जण बोट कापून घेतात. सपाट कडप्प्यावर वॉटर पेपर ठेवून, पाणी सोडत, 120 नंबर, मग 220, 400, 600. कोरडं घासायचं नाही: काचेची धूळ फुफ्फुसात जाते आणि कड तापून कपच्या उडतात. बाहेरची कड 45 अंशात मोडून घ्या. आतली कड पेन्सिलीवर पेपर गुंडाळून. शेवटी कडेवरून कापूस फिरवा. एकही धागा अडकला नाही तर काम झालं. सैल वाटली तर आत पातळ चामड्याची पट्टी चिकटवा.

इतका खटाटोप नको असेल तर मेकॅनिककडची 17 किंवा 19 नंबरची लांब गोटी (नट खोलायचा सॉकेट) बोटात घालून बघा. अमेरिकेतल्या एका नामवंत स्लाइडवादकानं तीच वापरली. जड असते, पण सूर लांब टिकतो. एसी दुरुस्तीवाल्याकडचा पाऊण इंची तांब्याचा पाइपही चालतो. आवाज जरा मऊ, आणि घामानं बोट हिरवं होतं.

साखळी: जूनपासून गिटारच्या तारा चढून बसतात, चवथीपर्यंत गंजतात. उपाय?

पावसात इथे हवेतली आर्द्रता 80–90 टक्क्यांवर असते. गिटारला 45 ते 55 मानवते. लाकूड पाणी पितं, पोट फुगतं, ब्रिज वर येतो, तारा उंचावतात. स्लाइडवाल्यानं यावर रडू नये; पावसाळ्यात कार्डाची चिंधोटी काढून टाका, डिसेंबरात परत घाला. पण ब्रिजमागं नखभर फट दिसली तर तारा सैल करून दुरुस्तीला न्या. भिंतीवर टांगू नका, त्यातही पश्चिमेच्या भिंतीवर तर नाहीच.

गिटारच्या पेटीत 200 ग्रॅम सिलिका जेल कापडी पुरचुंडीत ठेवा आणि पेटी बंदच ठेवा. नारिंगी रंगाचं घ्या. भिजलं की हिरवं होतं, मग 120 अंशांवर दोन तास तापवलं की पुन्हा कामाला येतं. निळ्यात कोबाल्ट असतं, ते स्वयंपाकघरातल्या कढईत तापवायचं नाही. वाजवून झाल्यावर प्रत्येक तार सुक्या सुती कापडानं चिमटीत धरून पुसा, खालूनसुद्धा. लेपाच्या तारा दुपटीहून जास्त टिकतात, पण जाड तारांवर स्लाइड फिरवल्यानं लेप सालपटासारखा निघतो. पहिल्या दोन तारांपुरताच फायदा.

पेडणे: मी पेटीवर गाणं शिकवते. जॉन्सनचे सूर ऐकले, हा सरळ धानी राग आहे असं मला वाटतं. बरोबर?

बाई, आरोह-अवरोहाच्या कागदावर बरोबर, कानाला नाही. सा, कोमल ग, म, प, कोमल नि एवढे सूर खरेच आहेत. पण धानीत शुद्ध गंधाराला जागा नाही, आणि इथे तो गिटारच्या तिसऱ्या तारेवर कायमचा बांधलेला आहे. खाली शुद्ध ग घुमत असताना वर कोमल ग लावायचा, आणि तोही स्थिर न ठेवता शुद्धाकडे सरकवत न्यायचा पण पोचवायचा नाही. हे घर्षण म्हणजेच ब्लूज. पेटीला ही मधली जागा नाहीच. विद्यार्थ्यांना दाखवायचं असेल तर पेटीवर फक्त सा-प धरा, तानपुरा पांढरी दोनवर, आणि गळ्यानं तिसऱ्या व चौथ्या फ्रेटच्या मधली मींड घ्यायला लावा. आपल्या मुलांना मींड येते, म्हणून त्यांना हे गोऱ्या मुलांपेक्षा लवकर साधतं. मात्र ती शुद्धावर जाऊन ‘नीट’ बसवायची सवय मोडायला वेळ लागतो.

मूळ गाण्याबरोबर वाजवाल तर सूर थोडा वर-खाली लागेल. जुन्या तबकड्या नेमक्या 78 वर कापल्या जातच असं नाही. ॲपमध्ये पीच सरकवून आपल्या गिटारशी जुळवा.

वास्को: माळ्यावर आजोबांच्या 78 च्या तबकड्या सापडल्या, बुरशी लागलेल्या. स्पिरिटनं पुसू का?

अजिबात नको. या तबकड्या लाखेच्या, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. एका फिरवणीत खाचा जातील. (जगभरच्या तबकड्यांना लागणारी लाख तेव्हा मुख्यतः आपल्याच देशातून जायची. जॉन्सनच्या आवाजाखालीही ती असणार.)

तोंडाला फडकं बांधून अंगणात नेऊन मऊ दाढीच्या ब्रशनं सुकी बुरशी झटका. मग 1 लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब, ब्रश खाचांच्या दिशेनं गोल. कागदी लेबलावर पाणी नको. साध्या डिस्टिल्ड पाण्यानं धुऊन, मऊ कापडानं टिपून, सावलीत उभ्या वाळवा. उन्हात ठेवलीत तर संध्याकाळी ताटाची वाटी झालेली असेल. ठेवायच्याही उभ्याच.

नव्या रेकॉर्ड प्लेयरची सुई लावू नका. एलपीची सुई 0.7 मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), 78 ला 3 मिलची लागते. बारीक सुई खाचेच्या तळाशी घासते, नुसता खरखराट येतो. हातानं चावी द्यायचा ग्रामोफोन असेल तर पोलादी सुई दर बाजूला नवी. सुई वाचवणारा तबकडी गमावतो.

कुडचडे: जॉन्सननंतर हा धागा कुणी पुढे नेला? ऐकायचं तर कुठून सुरुवात?

1952 मध्ये हॅरी स्मिथनं जुन्या तबकड्यांचा जो संग्रह काढला त्यात जॉन्सन होता. साठच्या दशकातल्या गोऱ्या लोकगायकांच्या कानावर तो तिथून गेला. 1964 मध्ये पासोलिनीनं ख्रिस्तावरच्या इटालियन चित्रपटात ‘डार्क वॉज द नाइट’ वापरलं. 1976 मध्ये लेड झेपेलिन या इंग्लिश रॉक बँडनं त्याचं एक गाणं विजेच्या गिटारवर चढवलं. 1984 मध्ये ‘पॅरिस, टेक्सस’ चित्रपटाचं संगीत अमेरिकन गिटारवादक राय कूडरनं याच सुरावटीवर उभं केलं, आणि तो राय कूडर पुढे आपल्या विश्वमोहन भट्टांबरोबर वाजवायला बसला. त्या दोघांच्या 1993 च्या अल्बमला ग्रॅमी मिळालं. भट्ट मोहनवीणा मांडीवर आडवी ठेवून पोलादी कांबीनं वाजवतात, कूडर गिटार उभी धरून बाटलीच्या गळ्यानं. दोन वेगळ्या वाटा; आडव्या वाद्यावर मींड लांब जाते, उभ्यावर अंगठ्याचा ठेका सुटा राहतो.

क्रम असा ठेवा: आधी जॉन्सन, मग केसरबाई, मग पुन्हा जॉन्सन, शेवटी कूडर. मोबाईलच्या स्पीकरवर नको. खालचे सूर त्यावर येतच नाहीत, आणि मग अंगठा ऐकू न आल्यानं गाणं अधांतरी वाटतं.

काणकोण: आमचा घुमट आरतीचा गट आहे. जॉन्सनच्या गाण्याला घुमटाची साथ चालेल?

‘डार्क वॉज द नाइट’ला घुमट (मडक्याच्या तोंडावर चामडं ताणलेलं गोव्याचं तालवाद्य) नाही, ते तालात नाही हे वर आलंच आहे. पण 1928 च्या डॅलसच्या आणि अटलांटाच्या मुद्रणांत विली बी. हॅरिस ही बाई त्याच्या मागून झील धरते, ती गाणी ठेक्यात आहेत. त्यांना घुमट शोभेल. अंगठ्याच्या ठेक्याला घुमटाचा दबलेला खर्ज, मध्ये कासाळं (झांजा) अगदी हलकी. पहिल्या फेरीत आरतीची लय येईल, ती खूपच जलद, निम्म्यावर आणा. घोरपडीचं चामडं कायद्यानं बंद आहे, आणि शेळीच्या चामड्याचं घुमट पावसाळी हवेत ढिलं पडतं. गिटार लावायच्या आधी घुमट शेकून घ्या, उलट केलंत तर शेकता शेकता गिटार पुन्हा उतरेल.